पिवळं प्रश्नचिन्ह

भांडी बाजारातून सुलभाताई तांबट
रिक्षात मांडीवर घेऊन आल्या कॅबिनेट,
टॉवेलात गुंडाळून,
आजारी करडू न्यावं तसं.
म्हणाल्या, हा रोज सकाळी उठतो तो
एक जानेवारी दोन हजार दोनला.
काल तर तेवढाही उठला नाही.

एमजी रोडला, जिन्याखालच्या माझ्या सहा बाय आठात
मी चार स्क्रू काढले.
आत तांब्याचा बारीक कीस,
एक पाल, सुकून कागद झालेली,
आणि तळाशी गोदावरीच्या गाळाची रेघ,
कुठल्याशा पुराने इथवर येऊन
सही करून गेल्यासारखी.

मुलगा म्हणतो, भंगारात दे, लॅपटॉप घेऊ.
"पण लॅपटॉपला ती खाच कुठंय,
नावं कोरायच्या मशीनचं कार्ड बसवायला?"
बरोबर आहे. नाहीच.

आधी सेल घातला, तीस रुपयांचा,
शर्टाच्या बटणाएवढा. दोन हजार दोन संपलं.
मग रॅम: दोनशे छप्पनच्या जागी
पाचशे बाराच्या दोन पट्ट्या,
भद्रकालीत किलोवर माल विकणाऱ्या इद्रिसभाईंकडच्या.
त्यांच्या सोनेरी दातांवरून
भाचीच्या कंपासमधला खोडरबर फिरवला.
फुगलेले तीन कपॅसिटर उतरवले, नवे डागले.
डिस्क मात्र गेलीच.
टक्, टक्, टक् करत
जेवायच्या सुट्टीला तांबट थांबावा
तशी थांबली, पण परत बसली नाही.

नव्या डिस्कवर जुनी विंडोज चढवली.
सगळं आलं: पडदा, आवाज, माऊसचा बाण.
फक्त यादीत एका ओळीपुढे
पिवळं प्रश्नचिन्ह.
अनोळखी उपकरण.

वीस वर्षं याच खाचेत बसलेलं कार्ड,
ज्याच्यातून ताटावाट्यांवर उतरली
माहेरची, सासरची, कैलासवासींची नावं,
त्याचंच नाव कुणाला माहीत नाही.
कंपनी बुडालेली. चिपवरची अक्षरं पुसलेली.
सराफाचं भिंग लावलं तेव्हा
आठ आकडे कसेबसे हाती लागले.

रामकुंडावर उपाध्ये असंच शोधतात.
आधी गाव, मग आडनाव, मग आजोबांचं नाव,
मग लाल फडक्यातून वही निघते
आणि बोट थांबतं
तुमच्या पणजोबांच्या वाकड्या सहीवर.
इथेही पहिले चार आकडे कुळाचे,
पुढचे चार त्याचे एकट्याचे.
तीन रात्री नेटवरच्या वह्या चाळल्या.
कुळ सापडलं, तैवानचं.
पुढचा वंश कुणी लिहूनच ठेवला नव्हता.
एक फाइल मिळाली ड्रायव्हर म्हणून,
उघडली तर निघाला व्हायरस.
पुन्हा डिस्क पुसली, पुन्हा विंडोज,
पुन्हा तेच पिवळं.

चौथ्या दिवशी फोन केला,
ताई, मशीनबरोबर एखादी सीडी आली होती का?
बराच वेळ बाजारातले घणच ऐकू आले.
मग म्हणाल्या, अगंबाई,
ती तर कबुतरांसाठी टांगलीय, गॅलरीत.

आणली, दोऱ्यासकट.
चार उन्हाळे खाल्लेली, कडेला पोपटी पडलेली,
मधल्या भोकात सुतळीची गाठ.
ओल्या फडक्याने पुसली, आतून बाहेर.
ड्राइव्ह घरघरला, थांबला,
पुन्हा घरघरला.
त्र्याऐंशी टक्क्यांवर तो इतका रेंगाळला
की आम्हा दोघींचा चहा गार झाला.

प्रश्नचिन्ह गेलं.
काही आवाजबिवाज झाला नाही.

संध्याकाळी दुकानात जाऊन मशीन जोडलं.
ताईंनी फळीवरची एक वाटी पकडीत बसवली.
नमुन्याला नाव कुणाचं घालू?
मी माझं सांगणार होते,
पण त्या चष्मा वर सारून
आधीच टाइप करत होत्या, एकेक आकडा बघत,
कार्डाचा नंबर,
खाली फाइलचं नाव,
आणि तारीख, आजची, खरी.
"पुढच्या वेळी शोधाशोध नको."

ती वाटी आता माझ्या टेबलावर असते.
मी तिच्यात स्क्रू ठेवते.