तीन हजार केल्विन

लक्ष्मीपुरीत मगदुमांच्या दुकानात
पोरगा एकेक खोकं फोडून काउंटरवर मांडतो :
भाल्यासारखे मातीत रोवायचे,
बुंध्यापाशी बसून वर बघत राहणारे,
आणि एक अळंबीच्या आकाराचा,
ज्याच्याकडे बघून मला उगाच हसू येतं.
"काकू, गार्डन केवढं हाय?"

गार्डन म्हणावं एवढी ती नाही.
कळंब्याकडच्या उतारावर
फाटकापासून दारापर्यंत बावीस पावलं,
एक अनंत, दोन जास्वंदी, कढीपत्ता,
आणि चौगुले वहिनींनी दिलेला वेल
ज्याचं नाव त्यांनाही माहीत नाही.

"वॉर्म पायजे का कूल?"

हे चष्मा कपाळावर सारून
खोक्यांवरचे आकडे वाचतायत.
तीन हजार. चार हजार. साडेसहा हजार.

शिरोलीच्या फाउंड्रीत एकतीस वर्षं
भट्टीच्या तोंडाशी उभे होते हे.
रसाच्या रंगावरून ताप सांगायचे,
मीटर मागनं यायचं.
फरक पडलाच कधी पाच-दहा डिग्रीचा,
तर मीटर तपासायला पाठवा म्हणायचे.

"आमचं लोखंड चौदाशेला वाहायचं," हे पोराला म्हणतात,
"आणि तुझ्या ह्या तीन हजाराला म्हणायचं कोमट,
साडेसहा हजाराला गार?"
"तसंच असतंय काका. आकडा वाढला की गार."

हे पेटत्या दिव्याच्या काचेवर तळहात ठेवतात.
बराच वेळ.
पोरगं बिलबुक उघडून थांबतं,
मागचं गिऱ्हाईक खाकरतं.
"खरंच गार आहे की," म्हणतात,
आणि हात काढून घेतात
हळू, सवयीनं, भाजल्यासारखा.

संध्याकाळी हुसेन शिकलगार आला, वायरचं भेंडोळं खांद्यावर.
आधी साडेसहा हजार लावून बघितला.
अनंत चोरी करताना पकडल्यासारखा उभा राहिला,
पानापानावरची धूळ दिसली,
वाळत घातलेला माझा परकरही.
चौगुल्यांच्या खिडकीचा पडदा सर्रकन ओढला गेला.
"नको रे हुसेन," मी म्हटलं, "दवाखाना वाटतोय."

दुकानात मी सांगितलं नव्हतं कुणाला
की आम्हाला बाग दाखवायची नाही कोणाला.
पाणी येतं पावणेतीनला, एक दिवसाआड.
व्हॉल्व्ह सोडायला हेच उठतात,
मला उठू देत नाहीत.
डाव्या डोळ्यात आता मधोमध एक काळा ठिपका आहे
रुपयाएवढा. डॉक्टर म्हणाले, वय.
हे म्हणाले, भट्टी.
गेल्या महिन्यात गुडघा फोडून आले
आणि सकाळी म्हणाले, जास्वंदीची फांदी लागली.
गुडघ्याला?

मग मी हुसेनला दिवे विझवायला लावले सगळे
आणि ह्यांना म्हटलं, चला जरा फाटकापर्यंत.
हे पुढं, मी मागं.
अंधारात मी बाग बघितली नाही,
ह्यांची पावलं ऐकली.
कातडी चपलेची करकर चालू, चालू, चालू,
तिसऱ्या पायरीवर थांबली.
परत चालू.
व्हॉल्व्हच्या खड्ड्यापाशी पुन्हा थांबली,
पाय आधी हवेत चाचपला, मग टेकला.
"इथं एक," मी हुसेनला म्हटलं, "आणि तिथं एक.
गुडघ्याच्या खाली. बाकी सगळे काढ."

तिसऱ्या पायरीला साधा, भिंतीतला.
खड्ड्यापाशी ती अळंबी.
चार दिवे परत गेले,
मगदुमांनी दहा टक्के कापून घेतले
आणि वर चहा पाजला.

आज पाण्याचा दिवस.
खिडकीतून मला हे दिसत नाहीत,
फक्त दोन पावलं, पिवळ्या उजेडात
गुळाच्या रंगाची.
अनंताला दोन-तीन फुलं असतील,
ती कुठं आहेत ते वासावरून कळतंय.
व्हॉल्व्हपाशी दिव्यावर किडे जमलेत,
किड्यांसाठी एक बेडूक,
आणि हे त्याला म्हणतायत :
"सरक बाबा थोडा.
टाकी भरू दे,
मग बस पहाटेपर्यंत."