अनोळखी उपकरण

गुरुवारी रात्री मीच सगळं पुसून टाकलं.
व्हायरसने पोखरलेलं घर,
म्हटलं, पायापासून बांधू.
पट्टी शंभरावर पोचेतो
किटली दोनदा उकळून दोनदा गार झाली.
मग लॅपटॉप उठला,
कोरी पाटी, नवा निळा पडदा,
आणि घरातल्या कुणालाच ओळख दाखवेना.

अक्षरं बटाट्याएवढी. आवाज गेलेला.
प्रिंटर शेजारीच बसलाय, अकरा वर्षांचा सोबती,
दिवा हिरवा, वायर जोडलेली,
याच्या लेखी तो कुणीच नाही.
यादी उघडली:
पिवळे त्रिकोण एकाखाली एक,
अनोळखी उपकरण, अनोळखी उपकरण,
जणू जनगणनेवाल्याला कुणी दारातूनच सांगावं,
राहतात इथे काही माणसं, नावं माहीत नाहीत.

ड्रायव्हर म्हणजे काय, विचारलं होतं मी एकदा
कास्त्रोच्या दुकानातल्या पोराला.
दुभाष्या, बाई, म्हणाला तो.
कार्डाला बोलता येतं, यंत्रालाही येतं,
फक्त एकाची बोली दुसऱ्याला कळत नाही.

दुभाषे इंटरनेटवर मिळतात. फुकट.
पण नेटवर्कचं कार्डच मुकं,
आणि त्याचा दुभाष्याही तिकडेच.
पेटीची किल्ली पेटीत.
आधी हसूच आलं.
मग शनिवारची बोट आठवली,
चाळीस शाली, चाळीस लेबलं, एकही छापलेलं नाही.

बेटाच्या या टोकाला आणखी एकाच छपरावर डिश आहे.
रेमिखिओ बार्रिआ.
दोन वर्षं तो मला ओळख दाखवत नाही,
मी त्याला नाही.
त्याच्या डुकरिणीने माझे बटाटे उकरले,
मी कुंपणावरून जे बोलले
ते लिहिण्यासारखं नाही.
तेव्हापासून चर्चच्या पायरीवर समोरासमोर येतो,
आणि कुणाचं नाव कुणाच्या यादीत नसतं.

कोणत्या तोंडाने जाऊ?
टॉर्च लावून लॅपटॉप उलटा केला,
पोटावरचा झिजका नंबर
वीजबिलाच्या मागे उतरवला,
आठ की बी, ठरेना, दोन्ही लिहिले.
आणि गेले.

दार त्यानेच उघडलं.
मी काही बोलले नाही, बिल पुढे केलं.
त्याने ते दिव्याखाली धरलं, लांब, मग जवळ.
"चौसष्ट बिट की बत्तीस?"
दोन वर्षांतलं पहिलं वाक्य.
"चौसष्ट," म्हणाले. खरं तर ठाऊक नव्हतं.

बस म्हणाला नाही,
पण खुर्चीवरचं मांजर उठवलं.
पेनड्राइव्ह लोकरीच्या दोऱ्यात ओवलेला,
लोकर माझ्याच मेंढीची, ती तांबूस होती तिची.
त्याच्या बायकोने नेली होती माझ्याकडून,
ती होती तेव्हा.

"आधी चिपसेट," तो म्हणाला, "मग नेटवर्क.
घाई केलीस तर पुन्हा पहिल्यापासून."

चिपसेट. रीस्टार्ट.
नेटवर्क. रीस्टार्ट.
डिस्प्लेच्या वेळी पडदा एकदम काळा,
तीन श्वास काळाच,
मी टेबलाची कड घट्ट धरून;
आणि अक्षरं परतली, बारीक, रेखीव,
नवा चष्मा लागल्यासारखी.
पहाटे चारला आवाज आला, केवढ्याने,
खुराड्यातला कोंबडा चुकून आरवला.
प्रिंटरने घसा खाकरला
आणि पहिलं लेबल वाकडं काढलं.

एक त्रिकोण उरलाय अजून.
कशाचा, कळत नाही. सगळं तर चालतंय.
असेल आत काहीतरी बसलेलं,
ज्याला मी कधी हाक मारली नाही.
राहू दे.

पेनड्राइव्ह परत द्यायचाय.
लोकर मळलीय, धुऊन द्यावी का?
सोबत टोपलीभर बटाटे?
नको, बटाटे नकोत.
टोमण्यासारखं होईल.