बोटभर उतार

आधी काळी माती निघाली.
उन्हाळ्यात तोंड वासणारी, पावसात फुगून बसणारी,
अख्ख्या माळव्यात कुणाचं न ऐकणारी.
हिच्यावर थेट बसवली, भेरूलाल म्हणाला,
तर भिया, दोन वर्षांत फरशी पापडासारखी उठेल.
म्हणून वीतभर खणलं, मुरूम भरला,
पाणी मारून धुमसानं चोपला.
त्या दिवशी लोकमान्यनगरात
फक्त आमच्या घराचा आवाज होता.

मग रेती.
नेमावरहून आलेली, ट्रॉलीच्या तळाशी अजून ओली.
तिच्यात शिंपला, नारळाची शेंडी,
कुणीतरी वाहिलेल्या चुनरीचा गोटा.
सुमली एकेक वेचून कुंपणाच्या भिंतीवर ठेवायची
आणि पुन्हा चाळणी हलवायची.
पाणी नळाचं. तेही नर्मदेचंच,
एक दिवसाआड, पंपानं घाट चढून येणारं.
एका नदीची दोन अंगं
दोन रस्त्यांनी वर आली,
माझ्या फाटकाआत भेटली,
आणि मध्ये सिमेंट पडलं.

सहाला एक. मोजलं घमेल्यानं,
पण खरं माप शेवटी मुठीचं:
दाबलं तर लाडू वळला पाहिजे,
तळव्याला ओल लागता कामा नये.

मी छत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात
लेव्हल वाचली.
तिपाई रोवायची, एक डोळा मिटायचा.
पलीकडे पट्टी धरून उभा असलेला खलाशी
जुन्या दुर्बिणीत उलटा दिसायचा,
डोकं खाली, पाय आभाळात,
आणि मी त्याच्याकडे मिलिमीटर मागायचो.
ह्याच्याकडे एक पारदर्शक नळी.
एक टोक त्याच्या हातात, एक सुमलीच्या.
ठैर गया?
ठैर गया.
झालं.

वाद उतारावरून.
तीन फुटांना बोटभर, तो म्हणाला.
कुणाचं बोट? मी.
त्यानं स्वतःचंच पुढे केलं,
चुन्या-सिमेंटनं खाल्लेलं, अर्ध्या नखाचं.
मी म्हटलं, उतार दे, कबूल,
पण पायरीशी माझी खुर्ची असते.
तिथल्या चार फरश्या सपाट हव्यात.
खुर्ची डुगडुगता कामा नये.
त्यानं सुमलीकडे पाहिलं, सुमलीनं नळीकडे.
मी आतून माझी स्पिरिट लेव्हल आणली,
पितळी, निरोप समारंभातली,
आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत
त्याच्या डोक्याशी उभा राहिलो.

चौकड्याच्या फरश्या हौदात भिजत घातलेल्या,
बुडबुड सुटत होती त्यांच्यातून.
बिछायतीवर सिमेंटचा घोळ, वर फरशी,
दोरीला टेकवून रबरी हातोडा, तीन ठोके, कधी चार.
एका जागी तो थांबला.
पुन्हा ठोकलं. ऐका, म्हणाला.
मी कानातलं यंत्र नीट केलं, वाकलो,
मला दोन्ही ठोके एकच.
सुमली चप्पल काढून टाच आपटून म्हणाली, पोली.
उचलली तर खाली मुठीएवढी पोकळी,
जणू कुणी तिथून नुकतंच उठून गेलं होतं.

तीन दिवस कुणी पाय ठेवायचा नाही.
दूधवाला, नलू, मी, सगळे मागच्या दारानं.
पैसे मोजून घेताना भेरूलाल
त्या चार फरश्यांकडे बघून काही बोलला नाही.
सुमलीनं भिंतीवरचा शिंपला नेला.
गोटा तिथंच राहिला.

पाचव्या दिवशी पहाटे पाण्याची पाळी.
मी नळी सोडली आणि बघत उभा राहिलो.
पाणी आधी गोंधळलं,
मग वाट सापडल्यासारखं निघालं,
सांध्यासांध्यातून, तुळशीला वळसा घालून,
फाटकाखालून गटारीत.
कुठेही थांबलं नाही.

पायरीशी थांबलं.
चार फरश्यांवर, माझ्या खुर्चीच्या जागी,
बशीएवढं.
आभाळ दिसावं इतकं सपाट.

एक दिवसाआड, नलू उठायच्या आत,
मी फडकं घेऊन बाहेर येतो.