मोरी नंबर अकरा

अर्जात विचारलं होतं: वाहन चालवण्याचा अनुभव.
केतकीनं लिहिलं, चौतीस वर्षं.
वाहनाचा प्रकार, हा रकाना तिनं मोकळा सोडला.
शोरूमच्या पोरानं, चौकसे त्याचं नाव,
माझा परवाना उलटसुलट करून पाहिला
आणि बडीशेपेची वाटी पुढे केली.

गाडी काळी. ताज्या डांबरावर पाणी मारलं
की पहिली पाच मिनिटं दिसतं ना, तशी काळी.
दार लावलं, आवाजच आला नाही,
म्हणून उघडून पुन्हा लावलं.

"अंकल, टर्बो है, ज़रा आराम से."
आरामाचं मला सांगतो.
दहा टनांचा रोलर, जाताना ताशी चार,
मागं येताना तीन.
सायकली पुढे गेल्या, शेळ्या पुढे गेल्या,
एकदा तर अख्खी वरात मला ओलांडून गेली,
नवरदेवानं घोड्यावरून हात जोडले.

सुपर कॉरिडॉरला लागल्यावर तो म्हणाला, आता दाबा.
दाबलं.
काही नाही.
अर्धा श्वास, काहीच नाही.
चुकलं वाटतं आपलं, म्हणून पाय
ब्रेककडे निघालासुद्धा होता,
तेवढ्यात कुणीतरी मागून कॉलर धरून
मला सीटमध्ये दाबून बसवलं.

इंजिनानं टाकलेल्या धुराचाच झोत
आत पंखा फिरवतो म्हणे,
आणि तो पंखा नवी हवा कोंबतो.
टाकलेलं काही वाया जात नाही.
(घरी हे सांगितलं तर प्रमिला म्हणाली,
मग मी शिळ्या भाताचं काय करते?)

ऐंशी. शंभर. एकशे अठरा.
आणि खालून रस्ता जात होता.
माझा म्हणजे सरकारचाच,
पण त्याच्या हातभर हातभर जागेवरून
मी आठ आठ वेळा गेलोय.
डोक्याला ओला पंचा,
बाजूनं बद्री झारी घेऊन चालायचा,
ड्रम ओला ठेवायचा, नाहीतर
डांबर ड्रमला चिकटून रस्ताच उचलून यायचा.
तो कडुलिंब, तिथं केतकी सातवीत असताना
डबा घेऊन आली आणि वर चढून बसली.
बाबा, हा जोरात कधी जातो?
पुढच्या वर्षी, मी म्हटलं होतं.

अकरा दिवसांचा तो तुकडा
चौकसे सनरूफबद्दल सांगत होता तेवढ्यात संपला.
बद्रीचं पान खाणं, पंक्चर टँकर,
ज्या दिवशी साहेबानं मला नावानं हाक मारली तो दिवस,
सगळं आरशात, आणि आरशातूनही गेलं.

पुढे मोरी.
माझा पाय आपोआप वर आला,
गाडी उजवीकडे घेतली, अंगभर,
आणि आम्ही तरंगत पार झालो.
"इधर तो सबका सिर छत को लगता है,
आपको कैसे पता?"
मागच्या सीटवर केतकी हसली. मी नाही.

त्याला काय सांगणार.
भराव ओला होता. अजून चार फेऱ्या हव्यात, मी म्हटलं.
परवा फीत कापायचीय, ठेकेदार म्हणाला,
इंजिन बंद कर, खाली ये.
मी बंद केलं. खाली आलो.
डावीकडे दोन बोटं खचेल,
एवढं बद्रीच्या कानात बोललो, बस्स.

लवकुश चौराह्यावरून वळलो,
पुढे पुन्हा वळून मी मुद्दाम त्याच बाजूला आलो.
मोरीशी वेग उतरवला.
वीस. दहा. चार.
मागून ट्रक कोकलायला लागला,
चौकसे घड्याळ बघायला लागला.
काच खाली केली आणि डावं चाक
अगदी तिथून नेलं.
स्टिअरिंगमधून तळव्यात आलं ते मोजलं.

दोन नाही.
तीन बोटं.

कशी वाटली, केतकीनं विचारलं,
चौकसेनं पेन उघडून ठेवलं होतं.

गाडीत खोट नाही, मी म्हटलं.