थरथरी

मे महिन्यात खुरसाची लदीन ठरली
की आई बदकाची अंडी मोजायची.
माणशी अर्धं, आणि एक वर.
वरचं कुणाचं, ते आम्ही कधी विचारलं नाही.

नारळाचं पहिलंच दूध, दुसरं नाही.
जायफळ दगडावर दोनदा घासायचं;
तिसऱ्यांदा घासलं तर औषध होतं, ती म्हणायची.
मैद्याची पोळी ताटाच्या कडेवर चढवून
अंगठ्याने दाबत ती ताटाभोवती फिरायची,
कुर्लीसारखी, आडवी.
मग पिवळं ओतायचं
आणि ते ताट माझ्या डोक्यावर.

घरात भट्टी नव्हती.
भट्टी दाऊदचाचाची, उभादांड्याच्या वळणावर.
दुपारचे पाव निघाले की मागे उरलेल्या उबेत
आमची थरथरी आत जायची.
"जाळ नको हिका," चाचा म्हणायचा,
"जाळ गेल्यावर काय रवता, ता व्हया."
काठ धरून ताट जरासं हलवायचा.
कड गप्प, आणि मधे थरथर:
झाली.

चुंबळीवर ताट, ताटावर केळीचं पान,
पानाखाली हिंदकळणारा सगळा रविवार.
मागून आई: हळू, गो.
सोड्यांच्या वाळवणाला वळसा घालून,
बावतीसमामाच्या कुत्र्याला चुकवून,
मान ताठ, डोळे तेवढे खाली.
सांडलं तर मार नव्हता.
सांडलं तर सगळे विचारणार होते, एवढंच.

संध्याकाळी ताट परत यायचं ते एक तुकडा कमी.
कडेचा, तिकोनी, स्वच्छ कापलेला.
ती चाचाची मजुरी. पैसे त्याने कधी घेतले नाहीत.
शाळेत बाईंनी आवडता पदार्थ काढायला सांगितला,
मी तोंड उघडं असलेला गोल काढला.
मला वाटायचं, सगळ्यांकडे असाच असतो.

यंदा पास्कूच्या नव्या किचनात ओव्हन.
काचेमागे दिवा, दिव्याखाली ती फुगताना दिसते.
वहिनीने व्हिडिओ मस्कतला पाठवला.
टिंग झालं.
बाहेर आली गोल, आख्खी,
कुठेही न उघडलेली.

लदीन संपली, चणे वाटून झाले.
सव्वीस माणसं टेबलाभोवती
आणि सुरी कुणी उचलेना.
कुठून सुरू करतात, कुणालाच माहीत नव्हतं.
नेहमी सुरुवात आधीच झालेली असायची.

आई गुडघ्यावर हात टेकून उठली.
एक तिकोन कापला, बशीत ठेवला,
बशी माझ्या मुलीच्या हातात:
हळू, गो.

भट्टीच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे.
मागच्या खोलीत, खाटेवर, चाचा.
उशाशी साखरेच्या गोळ्या.
चमचा नको म्हणाला.
बशी आधी हलवून बघितली,
थांबला, जशी कुणाची नाडी लागत नाहीये.
मग खाल्ली. सगळी.

मुलीने निरोप तसाच्या तसा आणला,
रिकाम्या बशीसकट:
"आजयेक सांग, घाई केलास.
मधी अजून पाणी आसा.
फुडल्या वर्सा धग बघूक माका बोलव."

आई हसली नाही.
तिने चौदा अंड्यांची टरफलं गोळा करून
अळवाच्या बुंध्याशी टाकली,
हात धुतले, आणि दुसरा तुकडा कापला.

मधलं खरंच कच्चं होतं.
आम्ही ते चमच्याने खाल्लं.