चौदावा प्रश्न

जेवणं आटोपली की मी चष्मा लावते
आणि कॅप्टन होते.
एलिसेओ बाहेर जातो, ओल्या पायरीवर थांबतो,
टकटक करून आत येतो,
चुलीला वळसा घालून माझ्यासमोर बसतो.
हात कुठे ठेवायचे ते अजून ठरलेलं नाही.

"सेन्योर ओयार्सो, आमचीच कंपनी का?"
(कारण ती पगार वेळेवर देते,
असं पहिल्या रात्री म्हणाला होता.
मी वहीत फुली मारली.)

आता उत्तरं बरी येतात.
धावपट्टीवर इंजिन गेलं तर कोणत्या वेगापर्यंत थांबायचं,
कोणत्या वेगानंतर थांबायचा विचारही नाही.
शेजारच्या कॅप्टनच्या तोंडाला वास आला
तर काय बोलायचं, किती हळू, आधी कुणाला.
पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?
इथे तो दरवेळी खिडकीकडे बघतो.
खिडकीत पुएर्तो मोंतचा पाऊस, नेहमीचा,
त्याच्याबद्दल इथे कुणी बोलत नाही.

मी सॅमनच्या कारखान्यात मासे तपासते.
पट्ट्यावरून येणारा एकेक बोटाने दाबायचा,
हा चालेल, हा नको.
पाठ केलेलं उत्तरही तसंच कळतं,
बर्फात जास्त दिवस राहिलेलं.

काल चौदावा प्रश्न आला.
"तुमच्या हातून झालेली एक चूक सांगा."
त्याच्याकडे एक छान चूक तयार होती,
घासूनपुसून ठेवलेली, रेडिओच्या आकड्यांची,
कुणाचंच काही न बिघडवणारी.
मी म्हटलं, "दुसरी सांगा."

किटली वाजायला लागली. मी उठले नाही.

जुलैत, म्हणाला, आयाकाराला जाताना
डाव्या टाकीचं झाकण नीट लागलेलं नव्हतं.
समुद्रावर पंखामागे पांढरी रेघ दिसली,
वाटलं धुकं.
उतरल्यावर हात लावला तर पेट्रोल.
सात प्रवासी, एक शिलाई मशीन,
आणि मागच्या सीटवर आपली रायेन,
मावशीकडे सुट्टीला निघालेली.
झाकण लावलं. कुणाला सांगितलं नाही.

तो दिवस मला आठवतो.
घरी येऊन त्याने दोनदा सूप घेतलं
आणि अंधार पडेपर्यंत लाकडं फोडली,
हिवाळाभर पुरतील एवढी.
मी शेजारणीला म्हटलं होतं, नवरा असावा तर असा.
तेव्हापासून रात्री दाराची कडी दोनदा,
गॅसचं बटण दोनदा.
सवय मला माहीत होती,
तिचं गाव माहीत नव्हतं.

नवऱ्याला सुनवायचं होतं, बरंच होतं,
पण खुर्चीत कॅप्टन बसला होता.
"मग यातून काय शिकलात, सेन्योर ओयार्सो?"
"झाकणावर हात ठेवल्याशिवाय चढत नाही.
विमानाला दोन फेऱ्या मारतो.
पोरं हसतात."
"मग हेच सांगा," मी म्हटलं
आणि किटली उतरवली.
वहीत काही लिहिलं नाही.

गुरुवारी सान्तियागोला गेला,
चुलतभावाच्या लग्नातला सूट, बाह्या अर्धा इंच तोकड्या,
लॉगबुकातल्या दोन हजार तीनशे अकरा तासांची बेरीज
मी तीनदा करून दिलेली.

दुपारी कारखान्यात फोन आला.
हातमोजे ओले, फोन खांद्यात धरला.
चूक विचारलीच नाही, म्हणाला.
इंजिन विचारलं, पंखावरचं बर्फ विचारलं,
सिम्युलेटरमध्ये हात थरथरला नाही,
आणि शेवटी पांढऱ्या केसांच्या एका बाईंनी
फाइल मिटता मिटता:
"राहायला इकडे यावं लागेल. घरी काय म्हणतात?"

"मग?"

"मग काय. म्हटलं, हा प्रश्न
आमच्या वहीत नव्हता."

पट्टा पुढे सरकत होता.
माझ्यासमोरून चार मासे
न दाबताच गेले.