दुसरं मत

आमच्याकडे हिरा येतो तेव्हा त्याला नाव नसतं.
कुणी पाठवला, कुठल्या खाणीतला, कुणाच्या बोटासाठी,
सगळं खाली तळघरात सोलून ठेवतात.
वर येतो एक लांबलचक नंबर
आणि प्लास्टिकच्या डबीत मसुरीएवढा उजेड.

अँटवर्पला नोव्हेंबरात पाचच्या आत अंधारतं.
आमच्या खोलीत मात्र ऋतू नाही.
करड्या भिंती, करडे डगले,
मोजूनमापून दिलेला एकच पांढरा प्रकाश.
लाल स्वेटर घालून आलं तर माघारी पाठवतात,
हिरा शेजाऱ्याचं उचलतो.
म्हणीच्या उलट आहे इथे :
गुण नाही लागत, वाण लागतो.

हिरा पालथा घालायचा.
पालथा पडला की झगमगाट विसरतो
आणि रंग कबूल करतो.
बाजूला ओळीनं नमुन्याचे खडे, डी, ई, एफ, जी...
(ए, बी, सी जुन्या व्यापाऱ्यांनी उष्टी करून ठेवलेली.)
पिवळेपणा चढत जातो, पण इतका दबकत
की दोन अक्षरांच्या मधल्या पैशात मोटार येते
आणि डोळ्याला फरक म्हणावा तर काहीच नाही.

हे मला खोदेलीव्हनं शिकवलं.
बाप नायलेन गावचा, घरामागच्या शेडमध्ये पैलू पाडायचा.
ऑलिव्हचं तेल, हिऱ्याची पूड,
शवपेटीतसुद्धा बोटं काळी होती, ती सांगायची,
आणि लगेच चिमट्यानं पुढचा खडा उचलायची.
भिंगाखाली काय काय दिसतं त्याची नावंही तिनंच दिली मला :
पीस. ढग. सुई. गाठ.
दोषांना इतकी मायेची नावं
दुसऱ्या कुठल्या धंद्यात असतील का, कोण जाणे.

आणि नियम : कागद झाकून लिहायचा.
एक मत तुझं, एक दुसऱ्याचं,
जुळली नाहीत तर तिसऱ्याला हाक.
कुणाचं कुठलं, ते कुणाला कळत नाही.

त्या मंगळवारी मी जी लिहिलं.
दुसऱ्यानं ई.
तिसऱ्यानं जी.
पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच.
वसंतापर्यंत सतरा खडे,
दर वेळी कुणालातरी माझ्याहून जास्त पांढरं दिसत होतं.
मला वाटलं, कुणी नवखं असेल.
जेवणाच्या सुट्टीत मी हसलोसुद्धा, तिच्याच समोर.
ती सूप ढवळत राहिली.

मग डोळ्यांची वार्षिक तपासणी.
रंगीत टोप्या, निळ्यापासून हिरव्यापर्यंत,
ओळीनं लावायच्या असतात.
खोदेलीव्ह फेर्डोंकनं लावल्या, पुन्हा लावल्या,
आणि हात मांडीवर ठेवले.

डॉक्टर म्हणाला, मोतीबिंदू.
भिंगच पिवळं पडत चाललंय, वर्षानुवर्षं, कळू न देता.
कावीळ झाली की सगळं पिवळं दिसतं म्हणतात.
तिचं निराळंच झालं :
डोळ्यात इतकं पिवळं साचलं
की खड्यातलं पिवळं दिसेनासं झालं.

सतरा खडे. सतरा वेळा
मी तिच्याविरुद्ध साक्ष दिली, नाव न जाणता,
आणि साक्ष खरी होती.

दोन्ही डोळे झाल्यावर ती भेटायला आली.
रिसेप्शनपर्यंतच. आतलं कार्ड परत केलं होतं.
म्हणाली, स्वयंपाकघराचे पडदे साईच्या रंगाचे समजत होते मी,
ते पांढरे निघाले. लख्ख.
आणि बाथरूम म्हणजे, अरे देवा, नुसतं हॉस्पिटल.
बिस्किटं आणली होती, सगळ्यांना पुरतील इतकी.

त्या खड्यांचं तिनं काढलं नाही.
मी ओठापर्यंत आणलं होतं;
नियम तिनंच शिकवलेला,
की ते नियमामागे लपणं होतं, अजून ठरत नाही.

निघताना तिनं माझ्या मफलरचं टोक
दोन बोटांत धरलं, चिमट्यात धरतात तसं,
दाराजवळच्या उजेडाकडे नेलं.
"हा निळा आहे?
तीन हिवाळे हा निळा होता?"